वजनकाट्याला दम कळत नाही

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, माझं वजन कॉलेजात होतं तेवढंच आहे, आणि आमचे चिरंजीव तर काडीपैलवान. मग काळजी कसली?" काळजी करू नकोस, पण काट्यावर विसंबूनही राहू नकोस. काटा फक्त भार सांगतो. दम किती टिकतो, मुठीत जोर किती आहे, गुडघे किती वाकतात, यातलं काहीच त्याला कळत नाही. माझं निम्मं आयुष्य पी.टी.ची बाई म्हणून शाळेच्या मैदानावर गेलं, तेव्हा चार गोष्टी लिहून पाठवते. सगळ्या एकाच सोमवारी सुरू करू नकोस. तुझा सोमवारचा उत्साह मला ठाऊक आहे, आणि तुझा गुरुवारही.

१. वजनकाट्याशेजारी एक वही ठेव आणि दरवर्षी मुलाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात तीन गोष्टी लिही: सहाशे मीटर किती वेळात पळाला, दांडीला किती सेकंद लोंबकळला, पाय पसरून बसल्यावर हाताची बोटं कुठवर पोचली — वर्षाला एक ओळ असली तरी घसरण सुरू होताच दिसते, आणि तेव्हाच ती थांबवणं सोपं असतं.

२. त्याला त्याच्याच मागच्या ओळीशी ताड, शेजारच्या मुलाशी नको — एक पोर उंच, एक बुटकं, एक आधी वयात आलेलं. त्यांची तुलना करून हाती काही लागत नाही.

३. सहाशे मीटर पळताना तो मध्येच चालायला लागला तर चालू दे, ओरडू नकोस — शाळेत फिट इंडियाची चाचणी घेतात तिथंही पळत-चालत पुरं केलेलं धरतात, अर्ध्यात सोडण्याची सवय लागू नये एवढंच बघायचं.

आता हे लोंबकळणं कुठून काढलं, असं तू विचारशील. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात १९९८ साली दहा वर्षांच्या मुलांची ताकद मोजली होती. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, तिथल्याच दहा वर्षांच्या मुलांची पुन्हा मोजली. उंचीच्या मानानं वजन दोन्ही वेळी जवळपास तेवढंच होतं. पण मुलांचे सिट-अप्स २७ टक्क्यांनी कमी भरले, दंडातला जोर २६ टक्क्यांनी उतरला, मुठीची पकड ७ टक्क्यांनी ढिली झाली. १९९८ मध्ये दांडीला लोंबकळून स्वतःचा भार पेलता येत नाही अशी मुलं विसात एक होती, २००८ मध्ये दहात एक. काट्यावर उभं केलं असतं तर दोन्ही पिढ्या सारख्याच दिसल्या असत्या. तुझ्या काडीपैलवानाची मला चौकशी का करावीशी वाटते, ते यावरून कळेल.

दमाचंही तेच झालं आहे. ऑस्ट्रेलियातले संशोधक ग्रँट टॉम्किन्सन यांनी २८ देशांतल्या अडीच कोटी मुलांच्या पळण्याच्या नोंदी एकत्र मांडल्या, १९६४ पासून २०१० पर्यंतच्या. १९७५ नंतर दर दशकाला मुलांचा दम सरासरी पाच टक्क्यांनी उतरत गेल्याचं त्यांना दिसलं. एक मैल पळायला आजच्या मुलांना तीस वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा दीड मिनिट जास्त लागतं. दीड मिनिट थोडं वाटतं, पण मैदानावर उभं राहून बघ: पुढचा गडी पोचून, पाणी पिऊन, बुटाची नाडी सोडून बसलेला असतो. त्याच संशोधकांनी नंतर आणखी नोंदी तपासल्या तेव्हा सुधारलेल्या देशांत २००० नंतर ही घसरण मंदावल्याचं दिसलं. म्हणजे हा उतार कायमचा नव्हे. एवढं सगळं सांगितलं ते धास्ती घालायला नाही, हात लावला तर फरक पडतो म्हणून.

४. मुलाला रोज एक तास अंग हलवायला मिळालंच पाहिजे, पण तो सलग असायला हवा असं नाही — जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं सांगते. शाळेत जाता-येता वीस, मधल्या सुट्टीत दहा, संध्याकाळी अर्धा तास, झाला हिशोब.

५. त्या तासातला काही वेळ, आठवड्यातून निदान तीन दिवस, बोलताना धाप लागेल असा जाऊ दे — नुसतं रमतगमत फिरल्यानं पाय मोकळे होतात, छातीचा दम वाढत नाही.

६. शाळा हाकेच्या अंतरावर असेल तर व्हॅन बंद कर आणि सोसायटीतली चार मुलं एकत्र जोडून चालत पाठव, आळीपाळीनं एक मोठं माणूस सोबत — घोळका असला की रस्त्याची भीतीही कमी होते आणि चालण्याचा कंटाळाही.

जपानमध्ये धाकटी मुलं अशीच घोळक्यानं शाळेत जातात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून तो देश आपल्या मुलांची ताकद दरवर्षी मोजत आला आहे. १९८५ च्या सुमारास तिथली मुलं सगळ्यांत तगडी होती, पुढं त्यांचाही आकडा उतरला. पण दरवर्षी मोजत होते म्हणून त्यांना ते वेळेत कळलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

७. क्रिकेट खेळू दे, पण लगोरी, आट्यापाट्या, लंगडी, शिवणापाणीही शिकव — क्रिकेटमध्ये एखादं पोर तासभर लाँग ऑनला उभं असतं. आट्यापाट्यांत उभं राहायला कुणाला फुरसत नसते, वाकणं, हुलकावणी देणं, एकदम थांबणं सगळं एका डावात होतं.

८. बागेतल्या दांडीला रोज लोंबकळू दे, पुलअप्सची घाई नको — आधी पकड येते, मग खांदे तयार होतात, मग अंग वर उचललं जातं. हा क्रम उलटा केला की खांदा दुखावतो.

९. उड्या मारणाऱ्या पोराला "धपाधप करू नकोस" म्हणू नकोस, खालच्या मजल्यावरच्या काकूंची समजूत मी घालते — उड्यांनी हाडं घट्ट होतात, आणि हाडांची ही ठेव पोस्टातल्या ठेवीसारखी तरुणपणीच भरून ठेवायची असते, पुढं नुसती काढावी लागते.

१०. पावसाळ्याचे चार महिने सुट्टीचे धरू नकोस, दोरी आणून ठेव — दोरीवरच्या उड्यांना सतरंजीएवढी जागा पुरते, आणि जूनमध्ये सुटलेली सवय दिवाळीपर्यंत परत येत नाही.

११. क्लासच्या वेळा ठरवायच्या आधी खेळाची वेळ कागदावर लिही — उरलेल्या वेळात खेळायचं ठरवलं की उरत काहीच नाही. आमच्याकडे मी म्हणायचे, दप्तर फुगलं आणि पोर सुकलं.

१२. उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून कधीही देऊ नकोस, आणि शाळेत कुणी देत असेल तर जाऊन गोड शब्दांत सांग — ज्या गोष्टीची लाज वाटली ती गोष्ट पोर मोठेपणी आपणहून कशाला करेल?

हा बारावा मंत्र मी ठळक अक्षरांत लिहिला असता. वर्गात बडबड केली, काढ वीस उठाबशा. गृहपाठ विसरला, मार मैदानाला तीन फेऱ्या. सगळा वर्ग खिडकीतून बघतो आणि हसतो. बैठका म्हणजे पैलवानाची रोजची साधना, आणि आपण त्याची शिक्षा करून ठेवली. दुसऱ्या बाजूनं, गणिताचा भाग उरला की पहिला तास कापला जातो तो पी.टी.चा. मुलाच्या डोक्यात मग पक्कं बसतं की अंग हलवणं म्हणजे एकतर दंड, नाहीतर फालतू गोष्ट. अशी मुलं पुढं तिशीत जिमचे वर्षाचे पैसे भरतात आणि महिन्याभरात जायची बंद होतात. त्यांचा आळस त्याला कारण नसतो, लहानपणी बसलेली अढी असते.

१३. तुझ्या धाकट्या लेकीला बारा-तेरा वर्षांची झाली म्हणून मैदानावरून घरी बोलावू नकोस. चांगली स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची ट्रॅकपँट आणि दप्तरात जास्तीचा पॅड, एवढी तयारी करून दे — २०१६ साली जगभरात ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के आणि मुलग्यांपैकी ७८ टक्के पुरेसं हलत नव्हते. हा फरक अंगातल्या कमीपणामुळं पडत नाही, घरच्या हाकेमुळं पडतो.

१४. तिला भाऊ खेळतो तेवढाच वेळ दे, आणि त्या वेळात पानं घ्यायला बोलावू नकोस — खेळ अर्धवट सोडून येणाऱ्या मुलीला चांगला गट पुन्हा घेत नाही.

आता तुझ्याकडे वळते. कॉलेजातलं वजन टिकलं याचा तुला अभिमान आहे, तो असू दे. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो बघायला मिळाला तर बघ. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचं उंची-वजनाचं प्रमाण अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली लॅन्सेटमध्ये हा फोटो छापून आला आणि भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीचा कसा असतो ते जगाला एका नजरेत कळलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळंसुद्धा वजनानं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी, पण चरबी राखून असलेली, हेही याज्ञिकांच्या गटानंच दाखवलं. आपल्याला मधुमेह लवकर गाठतो त्यात याचा वाटा आहे. तेव्हा बारीक आहे म्हणून निश्चिंत राहणं आपल्या लोकांना परवडत नाही.

त्यात आपण बसायला लागलो. सन २००० मध्ये भारतातल्या साधारण २२ टक्के प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. २०२२ मध्ये तो आकडा ४९ टक्क्यांवर गेला. पुरुषांत ४२, बायकांत ५७. बायकांचा आकडा जास्त, हे वाचून तू म्हणशील, दिवसभर तर उभीच असते मी. उभी असतेस, पोरी, पण ओट्याशी. पाणी नळाला आलं, पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, कपडे मशीनमध्ये गेले. ते कष्ट गेले हे फार बरं झालं, त्यांनी आमच्या आयांच्या कंबरा मोडल्या. पण त्यांच्या जागी आपण आपलं म्हणून काही आणलं नाही.

१५. वजनाबरोबर कंबरही मोज, टेलरची टेप बेंबीच्या पातळीला धरून — आपल्याकडे बाईची ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढं गेली की डॉक्टर सावध करतात, काटा काहीही म्हणो.

१६. आठवड्याला अडीच तास भराभर चालणं हे कमीत कमी धर. वेग असा हवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही — मैत्रिणीबरोबर चालताना सगळ्या सासवांचा विषय निवांत संपत असेल, तर वेग कमी पडतोय.

१७. आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे ठेव: बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं — चालण्यानं दम राहतो, पण चाळिशीनंतर स्नायू झिजतात ते चालून भरत नाहीत.

१८. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट विसरून जा — जिना हा फी न घेणारा मास्तर आहे.

या जिन्याचा पुरावा फार जुना आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो छापला. गाडी तीच, शहर तेच, पगारही फार वेगळा नाही. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत वर-खाली. हृदयविकाराचे झटके कंडक्टरांना कमी आले, आले ते उशिरा आले, आणि त्यातून दगावणारेही कमी होते. त्या कंडक्टरांपैकी कुणी व्यायाम म्हणून जिना चढत नव्हतं. नोकरी करत होते, एवढंच.

१९. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली घाल आणि नवऱ्यालाही ओढून ने — जेवल्यावर चाललं की रक्तातली साखर एकदम उसळत नाही, आणि दिवसभरात न झालेलं बोलणंही होतं.

२०. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं जमिनीवर मांडी घालून कर — दिवसातून चार वेळा खाली बसून उठलं की गुडघे आणि कंबर वाकणं विसरत नाहीत. वाकेल रोज, त्याला म्हातारपण वाकवत नाही.

२१. सूर्यनमस्कार चारपासून सुरू कर आणि आठवड्याला एकच वाढव — औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते संस्थानच्या शाळांमधून मुलांना लावले ते रोजच्या सवयीसाठी, रथसप्तमीला एका दिवसात एकशेआठ घालून आठवडाभर आडवं पडण्यासाठी नव्हे.

२२. श्रावणात मंगळागौरीला बोलावणं आलं तर सोफ्यावर बसून व्हिडिओ काढत राहू नकोस, फुगडीला उतर — फुगडीत पकड, तोल, दम, मांड्या सगळ्यांची एकदम परीक्षा होते. साडी खोचण्यापुरताच काय तो उशीर.

२३. तापातून, ऑपरेशनातून किंवा बाळंतपणातून उठलीस की डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायला लाग — अंथरूण फार भराभर ताकद खातं.

किती भराभर, ते सांगते. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथं विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जितका उतरला त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी उतरवला होता. आणि यातली मला आवडणारी गोष्ट पुढंच आहे. पन्नाशीतल्या त्या पाच जणांनी सहा महिने हळूहळू व्यायाम केला आणि वयानं गेलेला दम परत मिळवला. म्हणून तुझे अहो "आता या वयात काय" म्हणाले की त्यांना डॅलसची गोष्ट सांग.

२४. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, सगळं हातात नेऊन देऊ नकोस; पाण्याचा तांब्या तिचा तिला उठून घेऊ दे — प्रेमानं केलेली सेवाही अंगाला बसवून टाकते, आणि बसलेलं अंग उठताना कुरकुरतं.

२५. तिला रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायला-बसायला लाव, खुर्ची भिंतीला टेकलेली हवी — मांड्यांत जोर असला की न्हाणीघरातून उठताना कुणाला हाक मारावी लागत नाही.

२६. दात घासताना एका हातानं बेसिन धरून एका पायावर क्षणभर उभं राहायची सवय तिला लाव, आधी एक पाय, मग दुसरा — म्हातारपणी माणूस पडतं ते बहुतेक वेळा तोल सावरता न आल्यानं, आणि एक खुब्याचं हाड सगळ्या घराचं वर्ष खातं.

२७. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला अचानक उघडेना झालं तर ते हसण्यावारी नेऊ नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल — भारतासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या मुठीची पकड मोजली होती. पकड जेवढी कमी, तेवढा पुढच्या वर्षांत दगावण्याचा धोका जास्त दिसला.

पण त्यावर उपाय म्हणून तिच्या हातात रबरी चेंडू देऊन बसवू नकोस. मूठ हा सगळ्या अंगाचा निरोप असतो. अंगाला काम दिलं की मूठ आपोआप सुधारते.

२८. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप बसूनही थांबेना, तर त्या क्षणी थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना सांगून ठेव — रक्तदाब, साखर किंवा हृदयाचं औषध चालू असणाऱ्यानं तर सुरुवात विचारूनच करायची.

२९. रात्रीची झोप कापून पहाटेचा व्यायाम करू नकोस — जागरण करून गाळलेला घाम अंगी लागत नाही.

३०. एखादा दिवस चुकला तर चुकू दे, सलग दोन चुकू देऊ नकोस — पहिला दिवस थकव्याचा असतो, दुसऱ्यापासून नवी सवय सुरू होते.

आणि आता एक काम, ते फक्त तूच करू शकतेस. येत्या पालकसभेत सगळे मार्कांबद्दल विचारतील. तू उठून विचार, या महिन्यात खेळाचे तास किती होते आणि त्यातले प्रत्यक्ष मैदानावर किती झाले. आवाज चढवू नकोस, पी.टी.च्या सरांना बोल लावू नकोस. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्यांचाच तास कुणीतरी मागून घेतलेला असतो. फिट इंडियाच्या चाचणीचे आकडे प्रगतिपुस्तकाबरोबर पालकांना द्या, एवढी मागणी कर, आणि शेजारच्या दोन आयांना आधीच सांगून ठेव म्हणजे त्याही हात वर करतील. तीन आया एकत्र उभ्या राहिल्या की मुख्याध्यापक वहीत लिहून घेतात, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पुष्कळदा पाहिलं आहे.